राजा रविवर्मा आणि त्यांचे मुद्रक

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील पुष्कळ मराठी कुटुंबांत मुलाच्या हाती पाटी देण्यापूर्वी त्याला बासरच्या ज्ञानसरस्वतीच्या चरणी नेण्याची रीत चालत आलेली आहे. २०१६ साली जिल्ह्यांची फेररचना झाली आणि गोदाकाठचे बासर निर्मळ जिल्ह्यात गेले. परंतु अशी रीत काही जिल्ह्याची सीमा पाहून चालत नाही. अक्षराभ्यास आटोपून मूल घरी येते आणि पुढे दसऱ्याच्या पाटीपूजनास ज्या सरस्वतीपुढे हात जोडते, ती बहुधा भिंतीवरच्या चौकटीतील असते. शुभ्र वस्त्र नेसलेली, जलाशयाकाठी खडकावर बसलेली, हाती वीणा घेतलेली आणि शेजारी मयूर असलेली ही देवी आपणां सर्वांच्या इतक्या परिचयाची आहे की, ती कोणीतरी एका वर्षी, एका ठिकाणी रंगविली असेल हा विचारही मनास शिवत नाही.

हे रूप रंगविणारे चित्रकार म्हणजे राजा रविवर्मा होत. त्यांचे नाव आबालवृद्धांस ठाऊक आहे. परंतु जुन्या चित्राची खालची कड नीट न्याहाळली, तर तेथे पुष्कळदा आणखी एक मजकूर आढळतो: रविवर्मा प्रेस, कार्ला, लोणावळे. चित्रकाराच्या नावाकडे आपण आदराने पाहतो आणि छापखान्याच्या नावावरून दृष्टी सहज पुढे नेतो. या अंकात रविवर्म्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवताना आम्ही या दुसऱ्या नावाकडेही लक्ष वेधू इच्छितो. कारण राजवाड्याच्या भिंतीवरील चित्र गरिबाच्या देवघरात आले, ते चित्रकार आणि मुद्रक या दोघांच्या हातांनी आले.

रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. त्रावणकोरच्या राजकुलाशी नातेसंबंध असलेले हे घराणे विद्येचे व कलेचे भोक्ते होते. मामा राजराज वर्मा स्वतः चित्रे काढीत. कोळशाने भिंतीवर प्राण्यांची चित्रे काढणाऱ्या या भाच्याच्या बोटांतील गुण त्यांनीच प्रथम ओळखला, त्याला पहिले धडे दिले, आणि चौदाव्या वर्षी त्याला घेऊन ते त्रिवेंद्रमच्या राजदरबारी गेले. महाराज आयिल्यम तिरुनाळ यांनी मुलाला आश्रय दिला व राजवाड्यातच राहून शिकण्याची अनुज्ञा दिली.

शिकण्याची अनुज्ञा मिळाली, पण शिकविणारा मिळेना. तैलरंगांची कला त्या काळी आपल्याकडे नवी होती आणि ज्यांस ती अवगत होती ते तिची गुरुकिल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावयास राजी नसत. दरबारचे चित्रकार रामस्वामी नायडू यांनी या तरुणाला शिष्य म्हणून पत्करले नाही. १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचे युरोपीय चित्रकार महाराजांची तसबीर रंगविण्यास त्रिवेंद्रमला आले. त्यांनीही शिकविले असे काही नाही. ते काम करीत असता दुरून पाहण्याची मुभा तेवढी मिळाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. रंगात तेल किती, पहिला थर वाळल्यावर दुसरा केव्हा, सावलीत कोणता रंग मिसळावा, हे सारे रविवर्म्यांनी पाहून आणि चुकून चुकून स्वतःच हस्तगत केले. कारागिरीचे ज्ञान दडवून ठेवले म्हणजे होतकरू माणसाची किती वर्षे वाया जातात, याचा अनुभव त्यांनी असा लहान वयातच घेतला.

१८६६ साली मावेलिक्करच्या राजघराण्यातील भागीरथीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात, केसांत मोगऱ्याची वेणी माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्रास गव्हर्नरांचे सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी व्हिएन्ना येथील जागतिक प्रदर्शनातही त्यांच्या कामाचा गौरव झाला. येथून पुढे त्यांच्या कीर्तीस ओहोटी अशी लागली नाही. राजेरजवाडे, गोरे अधिकारी, विद्वान व धनिक त्यांच्याकडून तसबिरी करवून घेऊ लागले. त्यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा हेही उत्तम चित्रकार होते. पाठीमागचे डोंगर, झाडी, पाणी यांत त्यांचा हात विशेष चाले. प्रवासाची व्यवस्था, पत्रव्यवहार, हिशेब हाही भार तेच वाहत, आणि त्या प्रवासांची इंग्रजी रोजनिशीही ते ठेवीत. रविवर्म्यांचे चित्र म्हणून जे आपण पाहतो, त्यातील आकाश किंवा अरण्य कित्येकदा या भावाचे असते. एका चित्रावर दोन हात फिरणे त्यांना परके नव्हते. ते त्यांच्या घरातच होते.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध आला तो बडोद्याच्या द्वारे. तंजावरकडील मराठी घराण्यात जन्मलेले सर टी. माधवराव हे आधी त्रावणकोरचे दिवाण होते व १८७५ पासून बडोद्याचे दिवाण झाले. त्यांच्या ओळखीने रविवर्मा बडोद्यास आले आणि सयाजीराव गायकवाडांच्या दरबारी त्यांचा मान झाला. १८८८ साली महाराजांनी त्यांना रामायण, महाभारत व पुराणे यांतील प्रसंगांवर चौदा चित्रे रंगविण्याचे काम सांगितले. ते हाती घेतल्यावर दोघे बंधू उत्तर हिंदुस्थानात हिंडले. दमयंती कोणते वस्त्र नेसत असेल, द्रौपदीचे अलंकार कसे असतील, याचा त्यांना शोध घ्यावयाचा होता. प्रांतोप्रांतीच्या निरनिराळ्या पेहरावांतून अखेर त्यांनी साडी पत्करली. त्यांनी रंगविलेल्या पुराणांतील स्त्रिया पाहून आपल्या घरातील थोरल्या बायकांच्या नऊवारीची आठवण होते ती यामुळेच.

ही चौदा चित्रे पुरी झाल्यावर बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जाण्यापूर्वी मुंबईस लोकांच्या दर्शनासाठी मांडण्यात आली. पाहणाऱ्यांची रीघ लागली. राजवाड्याच्या भिंती ज्यांना कधी दिसणार नव्हत्या अशा माणसांनी नलदमयंती आणि शंतनु-गंगा डोळे भरून पाहिली. मग चित्रे बडोद्यास गेली आणि लोक आपापल्या घरी गेले. ज्यांना ती पुन्हा पाहावीशी वाटली, त्यांना मार्ग उरला नाही. हीच अडचण माधवरावांनी १८८४ सालीच ओळखली होती. एका माणसाच्या दोन हातांनी सर्वांची मागणी पुरी होणे अशक्य आहे, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापवून घ्याव्यात, अशी सूचना त्यांनी रविवर्म्यांस केली होती. रविवर्म्यांनी ती मनात ठेवली, आणि पुढे एक पाऊल अधिक टाकले: परदेशी छपाई करण्याऐवजी छापखानाच आपल्या देशात आणण्याचे ठरविले.

त्या वेळी देवादिकांची छापील चित्रे आपल्याकडे मुळीच नव्हती असे नाही. पुण्यास १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा स्थापन केली होती. तिची रामपंचायतनासारखी चित्रे महाराष्ट्रात घरोघर गेली. कलकत्त्यासही त्याच सुमारास आर्ट स्टुडिओ निघाला होता. जर्मनीतून आणि ऑस्ट्रियातून छापून आलेली हिंदू देवतांची चित्रेही बाजारात मिळत. परंतु तैलचित्रातील त्वचेची कांती, वस्त्राची चुणी, दागिन्यावरची झळाळी कागदावर हुबेहूब उतरविणारा छापखाना येथे उभा करणे हे निराळेच साहस होते. १८९४ साली मुंबईत घाटकोपरला हा छापखाना सुरू झाला. गोवर्धनदास खटाव मखनजी हे व्यापारी त्यात भागीदार होते. यंत्रे जर्मनीहून आली, आणि ती चालविणारे जाणते कारागीरही जर्मनीहून आले. त्यांपैकीच एक फ्रिट्‌झ श्लायखर होत.

या कारागिरांचे काम नेमके काय होते, हे समजल्याशिवाय पुढील कथेचे मर्म कळणार नाही. म्हणून ते थोडक्यात सांगतो. शिळाछापाची कला आलॉइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन देशात शोधून काढली. तिचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे: तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत. चुनखडीची गुळगुळीत घासलेली जाड शिळा घेऊन तिच्यावर चरबीयुक्त खडूने किंवा शाईने चित्र काढतात. मग सौम्य आम्ल मिसळलेले डिंकाचे पाणी फिरवून शिळा सिद्ध करतात व ती ओली करतात. तेलकट शाईचा रूळ फिरविला की जेथे चरबी तेथेच शाई धरते; ओल्या जागी ती ठरत नाही. वर कागद ठेवून दाब दिला म्हणजे चित्र कागदावर उतरते. अर्थात ते उलटे उतरते, म्हणून शिळेवर ते आधीच उलटे काढावे लागते.

इतके एका रंगाचे झाले. रंगीत चित्रात प्रत्येक रंगाला स्वतंत्र शिळा लागते. एका चित्रासाठी दहा-बारा आणि कित्येकदा त्याहूनही अधिक शिळा कराव्या लागत. लक्ष्मीचे मुख आपणांस एकाच वर्णाचे दिसते. परंतु मुद्रकाला त्यात फिकट पिवळा किती, गुलाबी किती, तपकिरी व निळसर छटा कोठे कोठे, हे मनातल्या मनात वेगळे काढावे लागते. प्रत्येक छटेचे बारीक बारीक ठिपके तिच्या तिच्या शिळेवर टिपावयाचे, आणि एकावर एक छाप पडत गेले म्हणजे शेवटी मूळ वर्ण सिद्ध होईल असा भरवसा धरावयाचा. हा भरवसा अनुभवाचा असतो. शिळेवर तर सारे काळे किंवा करडेच दिसते. शिवाय एक रंग वाळल्यावाचून दुसरा चढवावयाचा नाही. प्रत्येक वेळी कागद नेमक्या खुणेवर बसवावयाचा. मधल्या काळात कागदाने हवेतील ओल धरली आणि तो केसभर जरी वाढला, तरी ओठांचा रंग ओठांबाहेर जातो आणि देवीची मुद्रा बिघडते. असे काही प्रती काढून पाहिल्यावर चित्रकार कच्च्या प्रतीवर दुरुस्त्या सांगतो, मुद्रक शिळा सुधारतो, आणि दोघांचे समाधान झाल्यावरच छपाई सुरू होते. छापून झालेल्या चित्रावर वार्निशाचा हात देऊन आणि पुष्कळदा त्यावर कापडाच्या विणीचा ठसा उठवून ते तैलचित्रासारखे भासवीत. यालाच ओलिओग्राफ म्हणत.

आपल्या भागातील वाचकांस यातील नाते चटकन ध्यानात येईल. निर्मळची खेळणी आपण सर्वांनी पाहिली आहेत. पोणिकीचे हलके लाकूड कोरणे, चिंचोक्याच्या खळीने त्याचे सांधे व पृष्ठ सारखे करणे आणि मग रंगाने त्यात जीव आणणे, यांतील एक पायरी कच्ची राहिली तर दुसरीने कितीही कौशल्य केले तरी खेळणे साधत नाही. शिळाछापाचेही तसेच आहे. तथापि एक भेद आहे. निर्मळच्या नक्काशाला आपले काम कोठल्या हातातून आले हे समोर दिसते. रविवर्म्यांना मात्र आपले चित्र अशा माणसांच्या हाती सोपवावयाचे होते, की ज्यांची भाषा निराळी, ज्यांचे दैवत निराळे, आणि ज्यांनी शकुंतलेची कथा लहानपणी आजीच्या तोंडून कधी ऐकलेली नव्हती.

१२ जुलै १८९४ रोजी छापखान्यातून पहिले चित्र बाहेर पडले, ते शकुंतलाजन्माचे. मेनका बालिकेला पुढे धरून उभी आहे आणि विश्वामित्र तोंड फिरवून हाताने नकार दर्शवीत आहेत, हा तो प्रसंग. त्या ऋषीच्या मुखावरील उद्वेग जर्मन मुद्रकाच्या शिळेतून कागदावर उतरावयाचा होता. त्यासाठी पुराण ठाऊक असणे अवश्य नव्हते. चित्रकाराची रेष व छटा प्रामाणिकपणे पाहण्याची दृष्टी अवश्य होती. ती त्या कारागिरांपाशी होती. मागाहून लक्ष्मी, सरस्वती आणि पुराणांतील अनेक प्रसंग छापले गेले. मूळ तैलचित्रापेक्षा छापील चित्राचे रंग अधिक भडक व ठळक असत, बारकावे काही गळत, हे खरे आहे. रविवर्म्यांनी हे उणेपण जाणून पत्करले. एका घरी निर्दोष असण्यापेक्षा हजारो घरी सदोष पोहोचणे त्यांना अधिक मोलाचे वाटले असावे, असे त्यांच्या वर्तनावरून आम्हांस दिसते. पंचवीस-तीस वर्षांच्या साधनेने कमावलेली रेष दुसऱ्याच्या हाती देण्यास मनाचा मोठेपणा लागतो, आणि तो चित्र काढण्याइतकाच दुर्लभ आहे.

परंतु मोठेपणावर छापखाना चालत नाही. १८९६ पासून मुंबईत प्लेगने थैमान घातले. कामगार गावोगाव निघून गेले, बाजार बसला, येणी थकली. भागीदाराशी असलेला संबंध तुटला आणि कर्जाचा बोजा दोघा भावांवर आला. तसबिरी रंगवून मिळालेला पैसा छापखान्यात जाऊ लागला. १८९९ साली छापखाना मुंबईबाहेर काढून लोणावळ्याजवळ मळवली येथे नेण्यात आला. कार्ल्याची लेणी आणि एकवीरा देवीचे स्थान तेथून जवळच आहे. मुंबई-पुणे लोहमार्गही उशाशी आहे. जागा पालटली तरी कर्ज मात्र हलले नाही. शेवटी नव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत रविवर्म्यांनी तो छापखाना आपल्या चित्रांच्या छपाईच्या हक्कांसह फ्रिट्‌झ श्लायखर यांनाच विकून टाकला.

या घटनेकडे दोन प्रकारे पाहता येते. ज्या चित्रकाराने सर्वस्व ओतून छापखाना उभारला त्याच्या हातून तो गेला आणि परदेशातून नोकरीस आलेला कारागीर मालक झाला, हा विचार मनास टोचल्यावाचून राहत नाही. पण दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. धनिक भागीदार निघून गेल्यावरही जो मागे राहिला तो मुद्रक होता. धंदा बुडताना पाहूनही त्याने त्याच धंद्यात आपला पैसा घातला. त्या वेळी छापखाना भंगाराच्या भावाने गेला असता, तर रविवर्म्यांची देवचित्रे त्या दहा वर्षांतील प्रतींवरच थांबली असती. ती पुढे अनेक दशके छापली गेली आणि देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचली, याचे श्रेय श्लायखर यांच्या चिकाटीला देणे प्राप्त आहे.

छापखान्याच्या ओझ्यातून सुटण्याच्या सुमारास, १९०२ साली, दोघे बंधू हैदराबादेस आले होते. त्या वेळी आपला प्रदेश निजामांच्या राज्यात होता. सुप्रसिद्ध छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी त्यांचे आतिथ्य केले. निजामांकडून मोठे काम मिळेल ही आशा मात्र सफळ झाली नाही आणि त्यांना परत जावे लागले. १९०४ साली सरकारने रविवर्म्यांस कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. म्हैसूरच्या महाराजांचेही पुराणचित्रांचे काम हाती होते. अशा वेळी, १९०५ च्या जानेवारीत, धाकटे बंधू राजराज वर्मा निवर्तले. आयुष्यभर ज्याच्या शेजारी बसून रंग कालवले तो हात गेला. मधुमेहाने प्रकृती ढासळलेली होतीच. २ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, किळिमानूर येथे रविवर्म्यांनी देह ठेवला.

त्यांच्यामागे मळवलीची यंत्रे चालूच राहिली. महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारख्या नामवंत मराठी चित्रकारांनी या छापखान्यासाठी चित्रे काढली. पुढे हिंदी चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून गाजलेले दादासाहेब फाळके यांनीही स्वतःचा छापखाना काढण्यापूर्वी याच छापखान्याची छपाईची कामे केली. १९१३ साली राजा हरिश्चंद्र पडद्यावर आणणाऱ्या त्या दृष्टीची काही घडण येथे झाली असे म्हणण्यास हरकत नाही. त्याचबरोबर ही चित्रे दिनदर्शिकांवर, कापडाच्या गठ्ठ्यांवरील चिठ्ठ्यांवर, मालाच्या जाहिरातींवर येऊ लागली. इतर छापखान्यांनी नकला केल्या. पुष्कळ ठिकाणी चित्रकाराची देखरेख सुटली आणि रंग केवळ भडक उरला. बंगालमधील नव्या कलापंथाच्या अभिमान्यांनी रविवर्म्यांच्या चित्रांवर ती युरोपीय धाटणीची आणि नाटकी आहेत असा कठोर आक्षेप घेतला. त्या टीकेत काही तथ्य आहे. तथापि कलेचे पारखी जे चित्र नापसंत करीत होते, त्याच्यापुढे त्याच वेळी घरोघर दिवा लागत होता. स्त्रिया त्यातील देवीच्या साडीवर जर व टिकल्या चिकटवून तिला सजवीत होत्या. श्रद्धेने चित्राला आणखी एक हात दिला.

येथे एक गोष्ट आपल्यासारख्या मंदिराशी निगडित असलेल्या मंडळींनी विशेष ध्यानात घ्यावी. ज्या काळात ही चित्रे छापली जात होती, त्या काळात देशातील कित्येक मंदिरांची दारे आपल्याच धर्मबांधवांपैकी अनेकांना बंद होती. ज्यांना अस्पृश्य मानले जाई त्यांना गाभारा तर दूरच, पुष्कळ ठिकाणी मंदिराजवळचा रस्ताही मोकळा नव्हता. मूर्तीचे दर्शन ज्याला नाकारले जाई त्याला बाजारातील चित्र कोणी नाकारू शकत नव्हते. थोड्या पैशांत लक्ष्मी त्याच्या झोपडीत येत असे. तिला त्याने फूल वाहिले तर अडविणारा कोणी नव्हता. छापखान्याच्या शिळेवर शाई फिरविणाऱ्या कारागिराने ही प्रत कोणाच्या घरी जाणार याची चौकशी केली नाही, आणि त्यामुळे जे काम धर्मसुधारकांना व्याख्यानांनी साधले नाही, त्यातील काही अंश एका छापील कागदाने मुकाट्याने साधला.

यातील एक योगायोग मनात ठसून राहणारा आहे. रविवर्म्यांच्या दोन नाती १९०० साली त्रावणकोरच्या राजकुलात दत्तक गेल्या. त्यांपैकी सेतु पार्वतीबाई यांचे पुत्र चित्तिरा तिरुनाळ पुढे महाराज झाले, आणि १२ नोव्हेंबर १९३६ रोजी त्यांनी आपल्या संस्थानातील सरकारी व्यवस्थेखालील मंदिरे सर्व हिंदूंना खुली केल्याचा जाहीरनामा काढला. पणजोबांनी देव भिंतीवरून लोकांच्या घरी नेला. पणतूने लोकांना देवाच्या दारी नेले. त्या निर्णयामागे अनेकांचे सत्याग्रह व दीर्घ कष्ट होते, हे विसरता कामा नये. परंतु एकाच घराण्यात ही दोन कार्ये घडली, हे स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. शिळाछापाच्या धंद्यात तसेही एक वैराग्य असते. एका चित्राच्या प्रती निघाल्या की शिळा वाळूने घासून पुसतात व तिच्यावर दुसरे चित्र काढतात. मुद्रकाची कित्येक दिवसांची मेहनत अशी नाहीशी होते आणि कागद तेवढे उरतात. रविवर्म्यांची मूळ तैलचित्रे राजवाड्यांत व संग्रहालयांत सुरक्षित आहेत. १९७९ साली भारत सरकारने त्यांना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा देऊन त्यांची परदेशी निर्यात बंद केली. ज्यांनी ठिपक्या ठिपक्याने त्या शिळा भरल्या त्या कारागिरांपैकी बहुतेकांची नावे मात्र कोणत्याही चित्रावर नाहीत. त्यांच्या हाताची साक्ष आता केवळ जुन्या छापील प्रतींत आहे, आणि त्या प्रती संग्रहालयांपेक्षा तुमच्याआमच्या घरांतच अधिक आहेत.

म्हणून सभासद कुटुंबांस आमची विनंती आहे. दिवाळीच्या झाडलोटीत जुनी तसबीर निघाली, काच तडकलेली किंवा कागद पिवळा पडलेला दिसला, तर ती लगेच नदीत सोडू नये अथवा पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवू नये. आधी खालची कड पाहावी. तेथे छापखान्याचे नाव असेल तर ते टिपून घ्यावे. भिंगातून देवीच्या मुखाकडे पाहिले तर रंगांचे वेगवेगळे ठिपके दिसतील. मुलांना ते अवश्य दाखवावेत. चित्र ओल्या भिंतीवर टांगू नये, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, धूप-दिव्याची काजळी ओल्या फडक्याने पुसू नये. चौकटीच्या पाठीमागे एक चिठ्ठी जोडून हे चित्र घरात कोणी, कोणत्या सुमारास आणले, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावे. चित्रकाराचे नाव चित्रावर आहेच; ज्या हातांनी ते आपल्या घरापर्यंत आणले त्यांची आठवण जपणे आता आपल्याकडे आहे.